इंदूरला लोकमान्य नगरात घर आहे, आई-बाबा दोघंच राहतात. गच्चीवर ३ किलोवॅट सोलर बसवावं का?

बसवा, पण दोघांपुरतं २ किलोवॅट बहुधा पुरेल. दिवसाला सरासरी ८ युनिटच्या आसपास वीज मिळते. आधी वर्षभराची बिलं काढून बघा. पीएम सूर्य घर योजनेत २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. दोन-तीन एसी चालत असतील तरच ३ घ्या.

खरी मेख सावलीची. दुपारी चारला स्वतः गच्चीवर जा आणि पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते ते बघा, तेही डिसेंबरात, कारण तेव्हा ती सगळ्यात लांब पडते. पॅनल एकाला एक जोडलेली असतात, त्यामुळे एकावर सावली आली तरी अख्ख्या रांगेची वीज घटू शकते. विक्रेते हे सहसा सांगत नाहीत. टाकी आणि जिना सोडून दक्षिणेकडे तोंड करून बसवा.

आणि आई-बाबांना आधीच सांगून ठेवा: बॅटरी नसलेलं साधं ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं, सोलर लाईट गेली की बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं असतं. घरी इन्व्हर्टर असेल तर काढू नका.