तळहाताच्या घामासाठी नस कापण्याआधी

ताई, तुमचा मुलगा 19 वर्षांचा, तळहातांना सतत घाम. ड्रॉइंग शीट हाताखाली भिजून फाटते, पेपर लिहिताना शाई पसरते, आणि सर्जननी ‘दुर्बिणीतून छोटं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी’ असं सांगितलंय. करावं का, असं तुम्ही विचारलंय. मी हेच ऑपरेशन 2008 साली, वयाच्या 24व्या वर्षी करून घेतलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

छातीच्या आत, मणक्याच्या दोन्ही अंगांना, बरगड्यांच्या मुळांवरून सिम्पथेटिक मज्जातंतूंची साखळी खाली उतरते. तळहाताच्या घामग्रंथींना घाम सोडायचा निरोप तिच्यातूनच जातो. पूर्ण भूल देतात, काखेजवळ एक-दोन छोटी छिद्रं पाडतात, त्या बाजूचं फुप्फुस थोडा वेळ मिटवून ठेवतात आणि साखळी कापतात, जाळतात किंवा तिच्यावर क्लिप लावतात. मग तेच दुसऱ्या बाजूला.

हात कोरडे होतात, यात शंका नाही. मला जाग आली तेव्हा तळवे कोरडे होते आणि गरम होते. त्याआधी मला माझे हात गरम असल्याचं आठवतच नव्हतं. आई माझा हात धरण्याआधी नेहमी पदराने पुसून घ्यायची. त्या दिवशी ती पदर हातात घेऊन तशीच थांबली. तो क्षण मी कधी विसरणार नाही. म्हणूनच पुढचं तितक्याच खरेपणाने सांगायला हवं.

पुढच्या एप्रिलमध्ये यवतमाळहून एसटीने नागपूरला आलो. उतरायला उठलो तर शर्ट पाठीला चिकटलेला, पँट मांड्यांपर्यंत ओली, सीटच्या रेक्झिनवर पाण्याचा ठसा. आणि कपाळ, चेहरा, हात ठणठणीत कोरडे. चेहरा नुसता तापलेला. शरीराला थंड तर व्हायचंच असतं. वरच्या भागाचा घाम बंद झाला की तो पाठ, पोट, जांघा, मांड्या इथून निघतो. डॉक्टर याला भरपाईचा घाम म्हणतात. थोडाफार तो बहुतेकांना येतो, पण काहींना इतका, की दिवसातून दोन-तीनदा कपडे बदलावे लागतात. आपला मुलगा कुठल्या गटात जाईल, हे आधी कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. माझ्या बॅगेत आजही दोन कोरडे बनियन असतात. मला ऑपरेशनआधी याबद्दल एकच वाक्य सांगितलं होतं: ‘पाठीला थोडा घाम वाढेल.’ त्या ‘थोडा’ शब्दावर मी सही केली.

साखळी कुठे कापली याला फार महत्त्व आहे. माझ्या कागदांवर टी-2, टी-3 लिहिलंय, म्हणजे साखळीच्या छातीतल्या भागात वरून दुसरी आणि तिसरी पातळी. जितकं वर कापाल तितका डोक्या-चेहऱ्याचाही घाम जातो आणि खालचा वाढायचा धोका जास्त. 2011 साली अमेरिकेतल्या छातीच्या सर्जनांच्या सोसायटीने तज्ज्ञांचं एकमत छापलं. त्यानुसार तळहातांसाठी तिसऱ्या किंवा चौथ्या बरगडीवर कापावं. तिसरीवर हात सगळ्यात कोरडे होतात, चौथीवर थोडा ओलावा राहतो पण भरपाईचा घाम कमी येतो. ज्याची नाडी मुळातच संथ आहे, मिनिटाला 55च्या खाली, त्याने या वाटेला जाऊ नये असंही त्यात आहे, कारण हृदयाची गती वाढवणारे तंतू याच साखळीतून जातात. वयाबाबत मतं वेगळी आहेत. तैवानमध्ये ही ऑपरेशनं भरपूर व्हायची. तिथे 2004 साली 20 वर्षांखालच्यांसाठी ती बंद केली. साखळीच्या वरच्या टोकाला धक्का लागला तर पापणी खाली येते आणि बाहुली बारीक होते. हे क्वचित होतं, पण विचारून घ्या.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या बर्जरच्या आजारात रक्त न पोहोचल्याने पायाची बोटं काळी पडतात, तेव्हा हीच साखळी कमरेत कापत आलेत. तिथे पाय वाचवायचा असतो. कोरड्या हातांसाठीचं ऑपरेशन त्या तराजूत तोलू नका.

आता मला जे कुणी सांगितलं नाही ते. आयन्टोफोरेसिस नावाचा उपचार आहे. साध्या नळाच्या पाण्याच्या दोन ट्रेमध्ये हात ठेवायचे आणि त्यातून 15 ते 20 मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह सोडायचा, 20-30 मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा. दोन ते चार आठवड्यांत फरक पडायला लागतो. मग आठवड्याला एकदा करत राहावं लागतं. मुंग्या येतात, कापलेल्या जागी झोंबतं, तिथे व्हॅसलीन लावायचं. अंगठी काढून ठेवायची. पेसमेकर असलेल्यांनी करायचं नाही. याच्या जोडीला रात्री पूर्ण कोरड्या हाताला घाम रोखणारं 20 टक्के अॅल्युमिनियम क्लोराइड लावायचं. घाम कमी करणाऱ्या ग्लायकोपायरोलेटच्या गोळ्याही आहेत, पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात जपावं लागतं. बोटॉक्स चार-सहा महिने टिकतं. तळहातावर सुया फार दुखतात आणि खर्च मोठा आहे. हे सगळं त्वचारोगतज्ज्ञाकडे होतं, सर्जनकडे नाही. मुलाला झोपेतही घाम येत असेल किंवा वजन उतरत असेल तर आधी थायरॉइड तपासा.

आज मी त्याच्या जागी असतो तर आधी पाण्याचं मशीन मनापासून वापरलं असतं आणि तरीही कापायचंच ठरलं असतं तर चौथ्या बरगडीचा आग्रह धरला असता. ‘क्लिप लावू, नको वाटलं तर काढू’ यावर भिस्त ठेवू नका. क्लिप काढल्यावर घाम पूर्ववत होईलच असं नाही. सर्जनकडे जाल तेव्हा मुलाला स्वतः बोलू द्या, आणि कुठल्या बरगडीवर कापणार ते कागदावर लिहून घ्या.

त्वचारोगतज्ज्ञाची वेळ मात्र याच आठवड्यात घ्या. महिनाभराच्या उपचारानंतर तीच ड्रॉइंग शीट हाताखाली घेऊन त्याला अर्धा तास बसवा आणि काय झालं ते इथे कळवा.