वाचकांचे प्रश्न : गोव्याच्या घड्याळाने पाच दिवस

प्रश्न : बागा-कळंगूट दोनदा पाहून झालं. डिसेंबरात पुन्हा पाच दिवस येतोय. म्हापशाजवळच्या गावात घर भाड्याने घेतलंय. यावेळी गोवेकर राहतात तसं राहायचं आहे. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : घड्याळापासून करा, ठिकाणांची यादी मागाहून. इथला दिवस पहाटे पावाने उजाडतो, दुपारी नुस्त्याच्या, म्हणजे मासळीच्या, ताटाशी येतो, जेवून आडवा होतो आणि चारनंतर पुन्हा उठतो. पाहुणे दहाला उठतात, तीनला जेवायला निघतात. तोवर खानावळीतली माशाची कढी संपलेली असते आणि दुकानांची दारं लागलेली असतात.

सकाळी सहा-साडेसहाला सायकलचा पोंपों ऐकू येईल. तो पोदेर, म्हणजे पाववाला. सुटे पैसे आणि स्वतःची पिशवी घेऊन फाटकाशी उभे राहा. टोपलीत मऊ पाव, कडक गोल उंडो, बांगडीसारखं काकण असतं, पण तुम्ही पोई घ्या. वर गव्हाचा कोंडा, आत पोकळ, माणशी दोन पुरतात. तिच्यात तेल-तूप नसतं, म्हणून दुपारपर्यंत ती चिवट होते. मग पाण्याचा हबका मारून कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट शेकायची. सकाळी चुकला तर पोदेर बहुधा संध्याकाळी पुन्हा फिरतो.

पाचांतला एक दिवस शुक्रवार येईल असं बघा. म्हापशाचा बाजार रोज असतो, पण शुक्रवारी आसपासच्या गावांतून बायका स्वतःचा माल घेऊन बसतात. आठपर्यंत पोहोचा. हरमलची मिरची, मयड्याची मोठी केळी, कोकमाची सोलं इथेच घ्या. मासळीत नवख्याने बांगड्यापासून सुरुवात करावी. कल्ले उघडून बघा, लालभडक हवेत. पोटावर बोट दाबलं तर खळगा राहता कामा नये, आणि पोट फुटलेला असेल तर सरळ पुढे चला. भाव नगाचा की वाट्याचा, हे आधी विचारा. वाद तिथेच होतात.

जेवायला साडेबाराला जा. खानावळ निवडताना दारातल्या पाटीपेक्षा आत जेवणारी माणसं बघा. दुकानदार, बसचे ड्रायव्हर, कचेरीतले लोक असतील तर बसा. भात मागताना ‘उकडं शीत’ म्हणा, नाहीतर पाहुणा म्हणून पांढरा भात पुढ्यात येईल. जाड उकडा तांदूळ कढी धरून ठेवतो, पांढरा नुसता भिजतो. बांगड्याच्या हुमणात, म्हणजे नारळाच्या कढीत, काळपट तिरफळं सापडतील. ती वासासाठी घातलेली असतात, चावायची नाहीत. चावलीत तर जीभ बधिर होऊन पुढच्या घासांची चव जाते. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबऱ्याची कोशिंबीर, भातावर शेवटी घ्या, आधी घेतलीत तर मऊ पडते. थाळीचा दर ठरलेला असतो, तळलेला मासा मात्र वेगळा आणि आकारमानाने. दर विचारूनच सांगा.

पुढे कधी पावसाळ्यात आलात तर हे ताट बदलतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंद असते. तेव्हा सुरमईचा हट्ट धरला की बर्फातली मिळते. त्या दिवसांत नदीची मासळी, शिंपल्यांतल्या तिसऱ्या, खुबे आणि सुकं नुस्तं खायचं. आम्हीही तेच खातो.

प्रश्न : आई सत्तरीची आहे. मला गाडी चालवता येत नाही. टॅक्सीशिवाय जमेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दिवसा जमेल. पणजी–मडगाव आणि पणजी–म्हापसा मार्गांवर कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बस महामंडळाच्या, विनाथांबा बसगाड्या आहेत. तिकीट खिडकीवर काढून मगच चढायचं. खासगी बसमध्ये कंडक्टर आत पैसे घेतो, पण ती जागोजागी थांबते आणि दारात गर्दी होते, म्हणून आईंना घेऊन विनाथांबाच बरी. अंधार पडला की गाड्या विरळ होतात. परतीची वेळ सकाळीच विचारून ठेवा.

जुन्या गोव्याला बसने जा. व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की दिवाडी बेटाच्या फेरीबोटीचा धक्का येतो. पायी माणसाला तिथे तिकीट नाही. पलीकडे गाव धक्क्यापासून लांब आहे आणि मधला रस्ता शेतांतून जातो, सावली नाही. आईंना तो चालवू नका. फेरीने मांडवी नदी ओलांडा, आणि त्याच फेरीने परत या.

मित्राने भाड्याने घेतलेल्या दुचाकीवर मागे बसणार असाल तर एक बघा : भाड्याच्या गाडीची नंबरपाटी काळी आणि अक्षरं पिवळी असायला हवीत. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे.

प्रश्न : देवळांत रात्री मराठी नाटकं होतात म्हणे. बाहेरच्याला बसू देतात का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : जरूर बसू देतात. जत्रा किंवा काल्याच्या उत्सवाची तारीख देवळातच विचारा, ती तिथीवर असते. उत्तरेला पेडण्याच्या बाजूला दशावताराचं लोकनाट्य मिळेल. पालखी झाल्याशिवाय नाटक उभं राहत नाही, त्यामुळे मध्यरात्र होते. दुपारी झोप काढून या. हाफपँट नको, आणि बसायला एक चादर आणा.