गोव्यात वेगवेगळ्या बिअर चाखायच्या आहेत, सुरुवात कशी करावी?

सर्वात आधी, बर्फागत थंड बिअर मागू नका. तशा गारठ्यात जीभ बधिर होते, चव कळतच नाही. बाटलीतून न पिता ग्लासात ओता. निम्मी मजा वासात आहे.

गोव्याच्या किंग्ससारख्या पिल्सनरने, म्हणजे फिकट, हलक्या बिअरने सुरुवात करा. मग जर्मन पद्धतीची व्हीट बिअर, म्हणजे गव्हाची. तिच्यातला केळ्याचा, लवंगेचा वास कुणी वरून घातलेला नसतो, बिअर आंबताना यीस्ट तो स्वतः तयार करतं. मला हे आजही विलक्षण वाटतं! त्यानंतर आयपीए (इंडिया पेल एल, कडवट बिअर), इथलीच ‘एट फिंगर एडी’ जरूर घ्या. तिच्यातल्या हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा कडूपणा जिभेवर रेंगाळतो, म्हणून ती आधी नको. काळी, भाजक्या चवीची स्टाउट शेवटी. मध्ये पाणी आणि नुसता पाव. तिखट मसाला भरलेला रेशाद बांगडा मात्र सगळ्या बिअर चाखून झाल्यावरच मागवा, आणि येताना स्कूटर घरीच ठेवा.