फोनवरून विचारपूस करताना नर्सिंग प्रोसेस कुठे उरते?

प्रश्न : मी पंधरा वर्षे वॉर्डात काम केले. गेल्या सहा महिन्यांपासून, घरी सोडलेल्या हार्ट फेल्युअरच्या (हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडण्याच्या आजाराच्या) रुग्णांना फोन करून विचारपूस करण्याचे काम माझ्याकडे आहे. रुग्ण दिसत नाही, नाडी हाती लागत नाही. ठरलेले दहा प्रश्न विचारायचे आणि रकाने भरायचे. यात आपण शिकलेली नर्सिंग प्रोसेस कुठे उरते? (एक परिचारिका, सातारा)

उत्तर : रकाने भरताना काहीतरी निसटते आहे हे आपल्याला जाणवले, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. असेसमेंट (रुग्णाची विचारपूस आणि पाहणी), नर्सिंग निदान, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन हे पाचही टप्पे फोनवर तसेच राहतात. फक्त डोळे आणि बोटे रुग्णाच्या घरच्यांकडून उसनी घ्यावी लागतात.

असेसमेंटला सर्वांत जास्त वेळ द्यावा. फोन मुलाने किंवा सुनेने उचलला, तरी रुग्णाशी स्वतः बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘बाबा, सकाळपासून काय काय केलंत?’ असे विचारून नुसते ऐकावे. वाक्य एका दमात पुरे होते की दोन-तीन शब्दांनंतर थांबावे लागते, हे कानांना लगेच कळते. ‘धाप लागते का?’ असे थेट विचारले, तर आपल्याकडची वयस्क मंडळी बहुधा ‘नाही, बरं आहे’ असेच सांगतात. त्याऐवजी रात्री किती उशा लागतात, दम कोंडून मध्येच उठून बसावे लागते का, नेहमीची चप्पल घट्ट होते आहे का, हे विचारावे. घरातल्या कोणाला तरी नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरायला सांगावे आणि उचलल्यावर खळगा राहतो का, ते पाहायला लावावे. वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी आणि एकाच काट्यावर केलेले हवे. तीन दिवसांत ते दोन किलोंनी वाढले असेल, तर अंगात पाणी साचते आहे असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

बसल्या जागी धाप, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे किंवा गुंगी यांपैकी काहीही आढळले, तर प्रश्नावली तिथेच सोडून १०८ ला फोन करायला लावावा आणि रुग्णाजवळ कोणी आहे याची खात्री करून घ्यावी.

निदान लिहिताना ‘पायांवर सूज’ एवढ्यावर थांबू नये, कारण पुढचे नियोजन सुजेच्या कारणावर उभे राहते. माझ्या पाहण्यातल्या एका आजोबांनी लग्नाला एसटीने जायचे म्हणून दोन दिवस लघवीची गोळी घेतलीच नव्हती; वाटेत गाडी कुठे थांबवायला सांगणार, हा त्यांचा संकोच होता. त्यांना पथ्याचे व्याख्यान देऊन काहीच साधले नसते. प्रवासाच्या दिवशी गोळी कोणत्या वेळी घ्यावी, हे डॉक्टरांना विचारून त्यांना सांगितले, तेव्हा प्रश्न सुटला. डॉक्टरांना विचारून, हे मी मुद्दाम लिहिते आहे. दूरवैद्यक सेवेच्या मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचना नोंदणीकृत डॉक्टरांना फोनवरून सल्ला आणि औषध देण्याची मुभा देतात. डोस आपण स्वतः बदलायचा नाही.

सूचना दिल्यावर ‘समजलं का?’ असे विचारू नये, उत्तर ‘हो’च येते. ‘उद्या सकाळी काय काय करणार, ते मला सांगा’ असे म्हणावे आणि रुग्णाच्या तोंडून ऐकावे.

सर्वांत जास्त राहून जाते ते मूल्यमापन. आज सल्ला दिला आणि पुढचा फोन महिन्याने केला, तर सल्ल्याचा उपयोग झाला की नाही, हे कळायला मार्गच उरत नाही. म्हणून आपल्या तक्त्यात शेवटी दोन मोकळे रकाने वरिष्ठांकडून वाढवून घ्यावेत : एकात रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत आणि दुसऱ्यात पुन्हा फोन करण्याची तारीख, वेळ आणि तेव्हा काय पडताळायचे ते लिहावे, म्हणजे त्या दिवशी आपण रजेवर असलात तरी दुसऱ्या सिस्टरांना धागा तिथूनच उचलता येईल.