सॉ रेझोनेटरचा क्यू नेमका कुठून गळतो?

प्रश्न थोडक्यात असा : एसटी-कट (ठरावीक कोनात कापलेल्या) क्वार्ट्झवर ४३३.९२ मेगाहर्ट्झचा एक-पोर्ट सॉ रेझोनेटर बनवलाय, म्हणजे स्फटिकाच्या पृष्ठभागावरची ध्वनिलहर अडकवून एकाच वारंवारतेला घुमणारा भाग. मधल्या आयडीटीत (विजेची लहर करणाऱ्या, एकमेकांत गुंतलेल्या धातूच्या कंगव्यांत) फिंगरच्या ५० जोड्या, दोन्ही बाजूंना लहर परत फेकणाऱ्या २००-२०० रिफ्लेक्टर पट्ट्या, ॲपर्चर (फिंगर एकमेकांत शिरतात ती लांबी) ८० तरंगलांब्या, ॲल्युमिनियमचा थर ७३ नॅनोमीटर. बाजारातल्या अशा रेझोनेटरचा क्यू, म्हणजे साठलेली ऊर्जा किती कमी गळते याचं माप, दहा हजारांच्या घरात असतो, तुमचा जेमतेम दोन हजार भरतोय. तर ॲल्युमिनियम काढून सोनं लावावं का, असं तुम्ही विचारताय.

सोनं नको. निदान एवढ्यात तरी नको.

आधी मोजणी नीट करा. क्यू दहा हजार असेल तर रेझोनन्सची रुंदी फक्त ४३ किलोहर्ट्झ असते. तुम्ही १० मेगाहर्ट्झच्या स्पॅनमध्ये (मोजलेल्या वारंवारतेच्या पट्ट्यात) २०१ बिंदू घेतलेत, म्हणजे दर ५० किलोहर्ट्झला एक बिंदू. चांगल्या रेझोनेटरचं अख्खं शिखर दोन बिंदूंच्या मधल्या फटीत बुडून जाईल. स्पॅन १ मेगाहर्ट्झ आणि बिंदू १६०१ ठेवा. आणि क्यू थेट परावर्तनाच्या खड्ड्यावरून काढू नका, कारण त्यात मोजणीच्या यंत्राच्या, म्हणजे ॲनालायझरच्या, ५० ओहमचा भार मिसळलेला असतो. परावर्तनावरून ॲडमिटन्स (इम्पिडन्सचा व्यस्त) काढा आणि कंडक्टन्सच्या, म्हणजे त्याच्या वास्तव भागाच्या, शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी घ्या. यातून आकडा थोडा सुधारेल. पण रेझोनन्सवरचा रेझिस्टन्स तुम्हाला १५० ओहमच्या आसपास मिळालाय, त्यावरून गळती खरीच आहे असं दिसतं.

आता धातूचा हिशोब. फिंगरची लांबी सुमारे ५८० मायक्रोमीटर, रुंदी १.८२ मायक्रोमीटर. पातळ थरातलं ॲल्युमिनियम धरून एका फिंगरचा रेझिस्टन्स साधारण १५० ओहम होतो. हा आकडा बघून घाबरायला होतं खरं, पण प्रवाह फिंगरच्या टोकाकडे जाताना कमी कमी होत जातो, त्यामुळे त्याचा तिसरा हिस्साच धरायचा, आणि अशा ५० जोड्या समांतर आहेत. सगळं मिळून २ ओहम. दीडशेपैकी दोन! सोनं लावून तुम्ही या दोनातलं काहीतरी वाचवाल. शिवाय सोनं जड असल्यामुळे वारंवारता खाली सरकेल ते वेगळंच. हिशोबावर विश्वास नसेल तर रेझोनन्सपासून दूर जाऊन इम्पिडन्सचा वास्तव (रिअल) भाग वाचा. फिंगर आणि जोडतारांचा रेझिस्टन्स तिथे उघडा दिसतो.

मग उरलेली ऊर्जा जाते कुठे? माझ्या मते बाजूंच्या आरशांतून, म्हणजे रिफ्लेक्टर पट्ट्यांतून. क्वार्ट्झवर जाडी तरंगलांबीच्या एक टक्का असेल तर एक पट्टी लहरीचा साधारण अर्धा टक्काच परत पाठवते. तुमच्या २०० पट्ट्या म्हणजे गुणाकार १ झाला. आरशाचं एकूण परावर्तन या गुणाकाराच्या हायपरबोलिक टॅन्जंटइतकं असतं. १ ला ते ०.७६ येतं, म्हणजे दर धडकेला ४२ टक्के ऊर्जा पलीकडे निसटते. पोकळीची परिणामी लांबी १५० तरंगलांब्या धरली तर एवढ्या एका कारणानेच क्यू २,२०० वर अडकतो. तुमचा आकडा हाच तर आहे.

४०० पट्ट्या केल्यात तर निसटती ऊर्जा ७ टक्क्यांवर येते आणि आरशांची मर्यादा १३,००० च्या पुढे जाते. ६०० पट्ट्यांना गळती एक टक्का. त्यानंतर मर्यादा घालतो तो क्वार्ट्झ स्वतः. या वारंवारतेला त्याचा पदार्थ म्हणून क्यू पंचवीस हजारांच्या आसपास आहे, आणि त्यावर हवेचाही थोडा भार पडतो. चिप लांब होईल, ६०० पट्ट्या म्हणजे दर बाजूला २.२ मिलिमीटर, पण त्याला इलाज नाही.

इथे एक फसवी वाट आहे, तिच्यावर मी स्वतः बरेच दिवस चाललोय. थर जाड केला तरी क्यू वाढतो. मग माणसाला वाटतं, रेझिस्टन्स कमी झाला म्हणून वाढला. प्रत्यक्षात दर पट्टीचं परावर्तन वाढलेलं असतं. थर आणखी जाड करत गेलात की आयडीटी आणि रिफ्लेक्टर यांच्या सांध्यावर लहर विस्कटून स्फटिकाच्या पोटात उतरायला लागते, आणि जाडीतली बारीकशी चूकही वारंवारतेत दिसते. म्हणून पट्ट्या आधी वाढवा, जाडीला नंतर हात घाला. आयडीटी आणि रिफ्लेक्टरचा पिच (पट्ट्यांमधलं अंतर) शक्यतो एकच ठेवा, म्हणजे सांध्यावरची विस्कट कमी होते.

ॲपर्चर मात्र वाढवू नका. ते दुप्पट केलं की फिंगरचा रेझिस्टन्स दुप्पट होतो आणि ध्वनीच्या बाजूचा रेझिस्टन्स निम्मा, म्हणजे धातूच्या तोट्याचा वाटा चौपट. आज तो नगण्य आहे, पण क्यू दहा हजारांवर गेल्यावर जाणवेल. फार अरुंद केलंत तर लहर बाजूने पसरून निसटते. ८० ठीक आहे.

पृष्ठभागाची स्वच्छता हलक्यात घेऊ नका. या लहरीची जवळपास सगळी ऊर्जा वरच्या एका तरंगलांबीत, म्हणजे सात मायक्रोमीटरमध्ये असते. आमच्याकडे एकदा चिप चिकटवायच्या गोंदातली वाफ पृष्ठभागावर बसत राहिली आणि महिन्याभरात क्यू खाली आला. डिझाइनमध्ये चूक शोधत आम्ही तेवढा काळ वाया घालवला.

फोनच्या फिल्टरमधल्या लिथियम टँटॅलेटबद्दलही तुम्ही विचारलंय. तिथलं दुखणं वेगळं आहे : ती लहर मुळातच खाली झिरपणारी. म्हणून तिथे टँटॅलेटचा पातळ थर जास्त वेगाच्या तळावर बसवतात, आणि लहर वरच अडकून राहते. मुराता या जपानी कंपनीने याच मार्गाने १.९ गिगाहर्ट्झच्या आसपास चार हजारांच्या घरातला क्यू दाखवलाय. तुमच्या क्वार्ट्झला त्याची गरज नाही.

पुढच्या मास्कवर २००, ४०० आणि ६०० पट्ट्यांचे रेझोनेटर एकाच वेफरवर शेजारी शेजारी घ्या, बाकी काहीही बदलू नका. ४०० ला क्यू सात हजारांजवळ आणि ६०० ला बारा-तेरा हजारांजवळ आला तर माझं निदान बरोबर. तिन्हींचा आकडा दोन हजारांवरच थांबला तर मी चुकलो, मग लिफ्ट-ऑफनंतर (नको असलेला धातू सोलून काढल्यावर) पट्ट्यांच्या कडा मायक्रोस्कोपखाली तपासायला घ्या.