पगार बेताचा, सुट्टी एकच. मग ख्रिस्ती माणसाने सेवा कशी करायची?

सलाम. तुम्ही लिहिलंय की रविवारी उपासनेला जाता, अर्पण टाकता, पण घरी आल्यावर मनाला लागून राहतं की यात सेवा कुठे झाली. आणि दुसरी धास्ती, कुणाच्या मदतीला गेलो तर लोक म्हणतील, हा धर्म बदलायला आलाय.

मी जालन्याची. आमच्याकडे सेवा म्हटलं की लोकांना मिशनचा दवाखाना आठवतो, नाहीतर बेथेल. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात जागा मिळवून जालन्याजवळ ही वस्ती उभी केली. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं जायचं, त्यांना तिथे घर मिळालं. अशी माणसं डोळ्यांसमोर असली की वाटतं, आपल्या हातून काय होणार? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

मग एका नाताळाच्या आधी आमच्या मंडळीतल्या आम्ही चौघी मंठा तालुक्यातल्या एका गावात गेलो. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की तिथली कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन निघून जातात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. आम्ही प्रत्येक घरी पाच किलो गहू आणि एक चादर असं नेलं होतं. एका आजीच्या दारात पिशवी ठेवली, तर ती म्हणाली, "बाई, गहू हाय की घरात. दळून आणायला पाय न्हाईत." आत कोपऱ्यात दोन पोती उभी होती, त्यातल्या एकात सोंडे झाले होते. आजी चार दिवस मुरमुरे भिजवून खात होती. गिरणी गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि आमच्यासारखे येणारे सगळे गहूच आणत होते.

त्या दिवशी मला मार्कच्या शुभवर्तमानातला बार्तीमय आठवला. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा भिकारी. त्याला काय हवंय हे न कळण्यासारखं होतं का? तरी प्रभू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? हे वचन मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण त्यातलं विचारणं मला त्या पोत्यापाशी कळलं. आम्ही द्यायला गेलो होतो, विचारायला नाही.

मग मी आजीला विचारलं. तिने तळहात पुढे केला. जन्मभर ऊस तोडून बोटांच्या रेषा पार झिजलेल्या. सरकारी निराधार योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये खात्यावर पडत होते, पण मशीनवर अंगठाच उठत नव्हता, म्हणून तीन महिने हातात काही आलं नव्हतं. आमच्यातल्या एकीने सुट्टी टाकून तिला बँकेच्या शाखेत नेलं. तिथे स्लिपवर शाईचा अंगठा घेऊन, ओळख पटवून पैसे मिळाले. यात आमचा खर्च झाला तो रिक्षाचा आणि दोन चहांचा.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय वाचून बघा. पहिल्या मंडळीत कुरकुर झाली ती कशावरून? रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवा सुटून जात होत्या. त्यासाठी सात माणसं निवडली, त्यात स्तेफन होता. वाटपात कोण सुटलं हे बघणं प्रेषितांना एवढं मोठं काम वाटलं, की माणसं निवडून, प्रार्थना करून, त्यांच्यावर हात ठेवून ते सोपवलं. म्हणून बँकेच्या रांगेत उभं राहणं हे दुय्यम काम आहे, असं मी मानत नाही.

संशयाचं म्हणाल तर तो येतो. मला त्या गावात एकाने तोंडावर विचारलं, "ह्याच्या बदल्यात काय?" मी म्हटलं, काही नाही, दादा. आणि खरंच काही नव्हतं. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परत आला; बाकीच्या नऊ जणांचं बरेपण काही त्याने काढून घेतलं नाही. आम्ही पत्रकं नेत नाही, फोटो काढत नाही. कुणी आपणहून विचारलं की का करता, तर येशूचं नाव सांगते, लपवत नाही. विचारलं नाही तर दळण देऊन परत येते.

तुम्हाला गावोगाव फिरायची गरज नाही. तुमच्या गल्लीत एकटं राहणारं एक माणूस शोधा आणि रिकाम्या हाताने जाऊन बसा. पहिल्या भेटीत "काही नको" असंच म्हणतील, दुसऱ्यांदा जा. अंगठ्याची अडचण निघाली तर आधार केंद्रात सकाळी लवकर न्या, तिथे बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे नव्याने घेतात. आणि बरोबर पाण्याची बाटली ठेवा, म्हाताऱ्या माणसांना रांगेत फार वेळ उभं राहवत नाही.