दोन महिन्यांच्या पिल्लाला सगळ्यात आधी काय शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की आठ आठवड्यांचं पिल्लू चार दिवसांपूर्वी घरी आलंय, घर चौथ्या मजल्यावर आहे, दिवसभर आजी घरी असतात आणि मुलांनी ‘शेकहँड’ शिकवायला घेतलाय. आधी काय शिकवावं, असा तुमचा प्रश्न आहे.

शेकहँड सध्या राहू द्या. तो मोठ्या कुत्र्यालाही चार दिवसांत येतो. पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत नवं माणूस, नवा आवाज, नवा स्पर्श सहज स्वीकारतं. पुढे अनोळखी गोष्ट दिसली की आधी बिचकतं, मग वास घेतं. म्हणजे तुमच्या हातात चार ते सहा आठवडे आहेत. तेवढ्यात अंगाला हात लावू देणं, तोंडातलं सोडणं, हाकेला येणं, ठरल्या जागी शी-शू करणं आणि थोडा वेळ एकटं राहणं, एवढं पक्कं करा.

शिकवताना खाऊ लागतोच. उकडलेलं चिकन (मीठ, मसाला, हळद काही नाही) किंवा पनीर, तुकडा मटारच्या दाण्याच्या निम्मा. वेगळं काही नको असेल तर रोजच्या खाण्यातली मूठभर बाजूला काढून तीच दिवसभर वापरा. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त झाला की पोट बिघडतं. ग्लुकोजची बिस्किटं टाळा, साखर आणि मैद्यापलीकडे त्यात काही नाही. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं आणि बेदाणे अजिबात नकोत. बेदाण्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, म्हणून आजींना आवर्जून सांगा: प्रसादाचा शिरा पिल्लाला द्यायचा नाही.

एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा पुरे. या वयाचं पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं. झोप कमी पडली की ते चावरं होतं आणि आपल्याला वाटतं मस्ती करतंय.

शब्द घरात सगळ्यांनी मिळून ठरवा. मराठी घरात इथे हमखास घोळ होतो. आई ‘बस’ म्हणते, मुलगा ‘सिट’, आजी ‘खाली बस रे’, आणि चहा ओतताना कुणीतरी ‘बास, बास’ म्हणतं. पिल्लाच्या कानाला ‘बस’ आणि ‘बास’ यांत फारसा फरक नाही. ‘ये’चंही तेच: दिवसभरात आपण तो शब्द माणसांनाच पन्नासदा म्हणतो, मग पिल्लू तो कानाआड करायला शिकतं. बोलावण्यासाठी एरवी तोंडात नसलेला शब्द घ्या, ‘येये-येये’ किंवा ‘इकडे-इकडे’ असा चढ्या, गोड सुरातला. शब्द कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम: अंगाला हात लावू देणं. आपल्याकडे गोचीड वर्षभर असतात. ते कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, गळपट्ट्याखाली आणि शेपटीच्या बुडाशी लपतात, नेमके कुत्रा हात लावू देत नाही त्याच जागी. वर्षाच्या कुत्र्याचा पंजा धरायला तीन माणसं लागत असतील, तर गोचीड राहून जातो आणि त्यामागून ताप येतो.

पिल्लू थोडं पेंगुळलेलं असताना मांडीशी घ्या. खाऊ मुठीत, मूठ पाठीमागे. दुसऱ्या हाताने पुढचा पंजा एक सेकंद नुसता धरा, सोडा, ‘शाब्बास’ म्हणा आणि मग खाऊ पुढे आणा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी स्पर्श, मग खाऊ. उलटं केलंत, म्हणजे खाऊ दाखवून पंजा धरलात, तर काही दिवसांनी खाऊ दिसला की पिल्लू पंजे पोटाखाली घेतं, कारण खाऊ ही आता धरपकडीची खूण झालेली असते. पंजा झाला की एक बोट वेगळं करून बघा, नख हलकंच दाबा, कानाची पाळी उलटी करा, ओठ वर करून दात बघा, शेपटी उचला. प्रत्येक जागेचं दिवसाला पाच वेळा, बस्स. पिल्लाने अंग आखडलं, जीभ ओठांवरून फिरवली किंवा तोंड फिरवलं तर तुम्ही घाई केलीत. एक पायरी मागे या. सुटायची धडपड चालू असताना दाबून धरू नका, आणि एकदम सोडूनही देऊ नका. हात नुसता स्थिर ठेवा, धडपड क्षणभर थांबली की सोडा.

नखं या वयात आठवड्याला एकच कापा. टोकाचा एक-दोन मिलिमीटर तुकडा, त्यापेक्षा जास्त नाही. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, काळ्यात दिसत नाही. एकदा शीर कापली गेली की पुढे वर्षानुवर्षं कुत्रा कात्री बघून पळतो. काही दिवस कात्री नुसती नखाला टेकवून खाऊ द्या, मग कापा.

यानंतर ‘सोड’. उद्या रस्त्यावर पिल्लाच्या तोंडात कोंबडीचं हाड, प्लास्टिक किंवा उंदराच्या औषधाची गोळी असेल, तेव्हा उपयोग याच शब्दाचा. पिल्लाला साधं खेळणं धरू द्या. त्याच्या नाकाशी चिकनचा तुकडा न्या आणि तिथेच ठेवा. तोंड उघडायला लागलं की त्याच क्षणी ‘सोड’ म्हणा, तुकडा द्या आणि खेळणं त्याला परत द्या. परत देणं कुणी करत नाही आणि तिथेच गाडं अडतं. दहातल्या नऊ वेळा वस्तू परत मिळते, असा त्याचा अनुभव हवा. मोजा पळवला म्हणून सगळं घर मागे धावलं, पकडलं, जबडा उचकटून मोजा काढला, असं तीन-चारदा झालं की पिल्लू दोनच गोष्टी शिकतं: पळायचं किंवा गिळायचं. गिळलेला मोजा आतड्यात अडकतो आणि ऑपरेशन करावं लागतं. आठवडाभराने चिकन नाकाशी न नेता आधी ‘सोड’ म्हणा, सोडल्यावर द्या.

चावण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण लवकरच विचाराल. दुधाचे दात चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत पक्के येतात, तोवर सगळं तोंडात जाणार. हात चावला की हात झटकू नका, झटकलेला हात त्याला पळणाऱ्या उंदरासारखा वाटतो. हात सैल सोडा, उठा, पंधरा-वीस सेकंद पाठ फिरवा, मग परत या आणि तोंडात देण्याजोगं काही द्या. सुती फडकं भिजवून, पिळून, गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवलं की हिरड्यांना गार वाटतं. मुलांनी किंचाळत पळायचं नाही, उभं राहून ‘झाड’ व्हायचं. आणि एक गोष्ट टाळू नका: रेबीजची लस झालेली नसताना पिल्लाच्या दाताने किंवा नखाने कातडी फाटली, रक्त आलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पिल्लू रस्त्यावरून आणलेलं असेल तर नक्कीच.

शी-शूचं गणित सरळ आहे, कंटाळवाणं आहे इतकंच. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी तासाभरापेक्षा जास्त धरून ठेवेल अशी अपेक्षा करू नका. झोपेतून उठलं की लगेच, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, खेळता खेळता मध्येच, झोपण्याआधी, आणि रात्री एकदा-दोनदा गजर लावून. लसी पूर्ण झालेल्या नाहीत तोवर खाली जमिनीवर सोडता येणार नाही, म्हणून बाल्कनीत जागा ठरवा. प्लास्टिकच्या मोठ्या ट्रेमध्ये खाली वर्तमानपत्र आणि वर धुता येणारा खोट्या हिरवळीचा तुकडा. नुसतं वर्तमानपत्र का नको? कारण पायाखाली जे लागतं त्यावरून पिल्लू जागा ओळखतं. कागदाची सवय लागली की जमिनीवर पडलेला आजचा पेपर ही त्याची जागा होते. बाथरूमची सवय लागली की स्वयंपाकघराची फरशीही तशीच लागते. हिरवळीची सवय चौथ्या महिन्यात खाली गवतावर जाताना कामी येते.

ट्रेवर उभं करा आणि गप्प उभे राहा. सुरू झालं की हळूच ‘शू कर’ म्हणा. संपल्यावर दोन सेकंदांत तिथेच खाऊ द्या. हॉलमध्ये येऊन दिलात तर तो आत येण्याचा खाऊ झाला. घरात केलंच तर रागावू नका, नाक घासणं तर मुळीच नको. त्यातून ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, मग सोफ्यामागे करतं आणि बाहेर पट्टा धरलेला असताना तासभर थांबून राहतं. जागा आधी साबणाच्या पाण्याने, मग निम्मं पाणी-निम्मं व्हिनेगर मिसळून पुसा. फिनाईल नको: आपल्या नाकाला वास गेला असं वाटतं, पिल्लाला खालचा वास येतच राहतो, आणि ते फरशी चाटतं. सारखं थेंब-थेंब करत असेल तर तो शिकवण्याचा प्रश्न नाही, लघवीचा संसर्ग असू शकतो. तपासून घ्या.

आजी दिवसभर घरी असणं चांगलंच, पण त्यामुळे एकटं राहण्याची सवय मुद्दाम लावावी लागेल. खेळून, शी-शू करून, पोट भरून दमलेलं असताना त्याच्या जागेत चावायला काहीतरी द्या, दार ओढा आणि दहा सेकंदांत परत या. मग अर्धं मिनिट, दोन मिनिटं, पाच. आठवडाभरात पंधरा मिनिटं झाली तरी पुष्कळ. रडायला लागायच्या आत परतायचं. रडलंच तर क्षणभर गप्प होईपर्यंत थांबा, मग दार उघडा. रात्रीची गोष्ट वेगळी. पिल्लू नुकतंच आईपासून सुटलंय. पहिले दोन-तीन आठवडे त्याचं अंथरूण तुमच्या पलंगाशेजारी असू द्या. स्वयंपाकघरात कोंडून रडू देऊन ते शहाणं होत नाही, एकटेपणाला भिऊ मात्र लागतं.

लसींबद्दल लोक एक टोक गाठतात: चार महिन्यांचं होईपर्यंत पिल्लू घराबाहेरच नेत नाहीत. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराची भीती खरी आहे, त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. पण तोवर शिकायचा काळ निघून जातो. मार्ग सोपा आहे. कडेवर घेऊन रोज दहा-पंधरा मिनिटं खाली न्या, जमिनीवर ठेवू नका. लिफ्ट, रिक्षा, हेल्मेट घातलेला माणूस, उघडणारी छत्री, काठी टेकत चालणारे आजोबा, सगळं दुरून दाखवा आणि खाऊ द्या. घरात मिक्सर आणि कुकरची शिट्टी आहेच. ढोल-ताशा आणि फटाक्यांचे आवाज जेवणाच्या वेळी मोबाइलवर अगदी बारीक लावा, दर दोन-तीन दिवसांनी किंचित वाढवा. खाणं थांबलं म्हणजे आवाज जास्त झाला. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत, रेबीजची तीन महिन्यांच्या सुमारास. नेमकं वेळापत्रक तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांच्याकडे कधीतरी सुई न टोचता, नुसतं वजन करून खाऊ द्यायलाही न्या.

‘बस’ सोपं आहे. खाऊ नाकाशी धरून डोक्यावरून मागे न्या, मान वर गेली की बूड आपोआप टेकतं. टेकल्यावर शब्द, मग खाऊ. खाऊ फार उंच धरलात तर उडी मारतं. जेवणाची वाटी ठेवण्याआधी आणि दार उघडण्याआधी ‘बस’ लावलंत की अंगावर उड्या मारणं पुष्कळ कमी होतं. गळपट्टा आणि दोरी घरातच रोज पाच मिनिटं सवयीची करा. दोरी ताणली की थांबा, सैल झाली की चाला. फरशी गुळगुळीत असेल तर पिल्लू पळतं तिथे गोणपाट किंवा जुनी योगा मॅट टाका, वाढत्या सांध्यांना सारखं घसरणं चांगलं नाही.

मुलांना शेकहँडऐवजी हाकेचं काम द्या. पॅसेजच्या दोन टोकांना दोघं बसतील, आधी पाच-सहा फुटांवर. एकाने ठरलेल्या शब्दाने एकदाच बोलवायचं आणि मांडीवर थोपटायचं. पिल्लू आलं की आधी गळपट्ट्याला हात लावायचा, मग खाऊ, मग दुसऱ्याची पाळी. दहा फेऱ्या झाल्या की बंद, पिल्लाला अजून हवं असतानाच. गळपट्ट्याला हात यासाठी की उद्या फाटकातून निसटलेलं पिल्लू जवळ येऊन हाताच्या टप्प्यातून सटकायला नको. आणि तो शब्द आंघोळीसाठी, औषधासाठी किंवा कोंडण्यासाठी कधीही वापरायचा नाही. त्या वेळी तुम्हीच उठून पिल्लाजवळ जा आणि उचलून आणा.